परभणीचा मे महिना, साबणाच्या ३०० वड्या आणि एक लग्न

भाचीचं लग्न मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, परभणीच्या एका मंगल कार्यालयात, अक्षता दुपारी साडेबाराला. एवढं आधी लिहून ठेवते, कारण पुढं जे जे ठरलं आणि जे जे रद्द झालं ते या गावामुळं आणि या उन्हामुळं.

संक्रांतीचं वाण लुटायला माहेरी गेले होते, तेव्हा वहिनीनं विषय काढला. आमच्याकडं लग्नात पाहुण्याला टॉवेल-टोपी आणि बाईला खण किंवा ब्लाउजपीस द्यायची रीत. तो ब्लाउजपीस पुढच्या लग्नात दुसरीच्या ओटीत जातो, तिथून तिसरीच्या. एक जांभळा तुकडा तर मी काठावरच्या डागावरून ओळखला, चार वर्षांनी माझ्याकडंच परत आलेला. भाचीचं म्हणणं एकच होतं, "आत्या, असं काही देऊ जे लोक वापरून संपवतील." ती पुण्यात नोकरीला आहे. तिनं फोनवर यादी पाठवली: घरी केलेला साबण, सुगंधी मेणबत्ती, आंघोळीच्या पाण्यात टाकायचं सुवासिक मीठ, ओठांना लावायचं बाम. मी बचत गटातल्या बायकांना साबण करायला शिकवते, म्हणून काम आपोआप माझ्याकडं आलं.

यादीत वावगं काही नव्हतं. पण ती लिहिताना पाहुण्यांच्या न्हाण्या तिच्या डोळ्यांपुढं नव्हत्या.

मिठापासून सुरुवात केली. आमचे निम्मे पाहुणे सेलू, जिंतूर, पाथरी, मानवतकडचे. उन्हाळ्यात जिथं नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं तिथं माणूस बादलीत आंघोळ करतो, आणि बादलीही मोजून भरतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आमच्या घरात सगळ्यांना आठवतं. अशा घरी टबात टाकायचं मीठ द्यायचं हे मला पटेना. भाचीला सांगितलं, तिलाही पटलं. बाम मात्र करून पाहिलं. मधमाश्यांचं मेण एक भाग आणि तेल तीन भाग हे नेहमीचं माप. डबी पत्र्याच्या खोलीत ठेवली आणि दुपारी तीनला उघडली, तर वर तेलाचा थर सुटलेला, बोट लावलं की खड्डा. मेण वाढवलं तर टिकतं, पण मग ओठावर फिरत नाही, ओढतं. बाम रद्द. मिठाच्या जागी मी उटणं सुचवलं. कोरडी वस्तू, उन्हाला भीत नाही, आणि लग्नघरात तिचं नाव नव्यानं सांगावं लागत नाही.

म्हणजे उरलं तिघांचं काम: साबण, उटणं, मेणबत्ती.

साबणात मी पहिली चूक केली ती मोहापायी. करडई हे आमच्या रब्बीचं पीक. 'परभणी कुसुम' हा वाण इथल्याच कृषी विद्यापीठाचा. लाकडी घाण्याचं ताजं तेल गावात मिळतं. वाटलं, भाचीच्या लग्नात साबणसुद्धा आपल्या शिवारातल्या तेलाचा हवा. १०० भागांत ६० भाग करडई घेऊन जानेवारीत पहिला घाणा टाकला. वड्या आठवडाभर मऊच राहिल्या, कापताना सुरीला चिकटायच्या. फेब्रुवारीच्या शेवटी त्यांच्यावर केशरी ठिपके उठले, आधी मोहरीएवढे, मग पसरत गेलेले, आणि नाकाशी धरली की जुन्या चिवड्याचा खवट वास. कारण मला माहीत असायला हवं होतं. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर असतं. ते खायला चांगलं, पण हवेशी त्याची गाठ लवकर पडते आणि ते खवट होतं. साबणात ते जास्त पडलं की वडी मऊ होते आणि टिकत नाही. उष्णता या खराबीला घाई करते, आणि उष्णतेची आमच्याकडं कमतरता नाही.

करडई सोडली नाही, १०० भागांत १० वर आणली. शेवटी हे माप ठरलं: खोबरेल ४५० ग्रॅम, पामतेल ४००, करडई १००, एरंडेल ५०. एक किलो तेलाला कॉस्टिक सोडा १५० ग्रॅम आणि पाणी ३०० ग्रॅम. इतक्या सोड्यात साधारण पाच टक्के तेल साबण न होता मोकळं राहतं, तेवढं राहू द्यायचंच असतं. सोडा चमच्यानं नाही, एका ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर. तेल बदललं की सोड्याचं माप बदलतं. खोबरेलाला सोडा जास्त लागतो, करडईला कमी, म्हणून दुसऱ्याच्या मापात आपलं तेल घालायचं नाही. मी हे गटातल्या प्रत्येकीला पहिल्याच दिवशी वहीत लिहून घ्यायला लावते.

खोबरेल इतकं का, असं गटातल्या एकीनं विचारलं, कारण त्यानं कातडी जरा कोरडी पडते. खरं आहे. पण आमच्या बोअरचं पाणी जड. ज्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही त्या पाण्यात साबणही फेसाळत नाही, नुसता पांढरा साका धरतो. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून बसतं. खोबरेलाचा साबण अशा पाण्यातसुद्धा थोडा फेस देतो. शिवाय एक किलो तेलामागं १५ ग्रॅम लिंबूसत्त्व घातलं आणि त्याचं पोट भरायला कॉस्टिक ९ ग्रॅमनं वाढवला. लिंबूसत्त्व आणि सोडा मिळून जे तयार होतं ते जड पाण्यातलं कॅल्शियम आधी धरतं, मग साबणाला काम करायला वाव मिळतो. साबण करायला पाणी मात्र बोअरचं वापरलं नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणलं, पाच-पाच लिटरचे कॅन. तपासणी मात्र बोअरच्याच पाण्यानं. जिंतूर तालुक्यातल्या चुलतबहिणीच्या घरून दोन बाटल्या मागवल्या आणि त्यात हात धुऊन पाहिले. लिंबूसत्त्वाच्या वडीनं बादलीच्या कडेला साका कमी धरला, फेस बेताचा आला. माझ्या मते एवढी एक चाचणी केली नसती तर बाकीचं सगळं वाया होतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात खरे घाणे सुरू केले. एका घाण्याच्या २४ वड्या, म्हणजे ३०० साठी तेरा घाणे. पहाटे पाचला बसायचो, मी, वहिनी आणि गटातल्या दोघी. दिवस तापला की सोड्याचं पाणी निवायलाच तास लागतो आणि मिश्रण साच्यात फसफसून वर येतं. पाण्यात सोडा टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. मागचं दार उघडं, डोळ्यांवर चष्मा, हातात लांब मोजे, आणि शेजारी भरलेली बादली. अंगावर थेंब उडाला तर वाहत्या पाण्यानं धुवायचं, दुसरं काही लावायचं नाही. ज्या दिवशी नळाची पाळी नाही त्या दिवशी टाकीत पाणी आहे का हे आधी बघायचं, मगच सोड्याची पिशवी उघडायची.

तिसऱ्या दिवशी वहिनीनं मदत म्हणून आधीच पाणी मोजून ठेवलं होतं, पण जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात. माझं लक्ष काट्याकडं. सोड्याचे पहिले दाणे पडले आणि पातेल्याच्या बुडातून बारीक बुडबुड्यांची रांग उठली, पाणी करडं झालं, आवाज आला चुरचुर. सोडा जर्मनला खातो आणि त्यातून हायड्रोजन निघतो, पेटणारा वायू. गॅस शेजारच्या खोलीत होता, बंद होता, तरी मी आधी ओरडले आणि मग पातेलं उचलून अंगणात ठेवलं. वहिनी पांढरीफटक. "ताई, मला वाटलं पातेलं म्हणजे पातेलं." चूक तिची नव्हती. स्टील किंवा जाड प्लास्टिकच वापरायचं हे मी बोलले होते, पण भांडी वेगळी काढून ठेवली नव्हती. त्या दिवसापासून साबणाची भांडी लाल चिंधी बांधून वेगळी.

रंगासाठी वसमतच्या बाजारातली हळद, चमचाभर तेलात कालवून घातली. हळद पडली आणि पिवळं होण्याऐवजी सगळं मिश्रण लालबुंद झालं. आई दारात बसली होती, ती उठून आली. "अगं, हे तर कुंकू व्हायलंय." तिचं बरोबर होतं. हळदीचं कुंकू करतात ते असंच, हळदीला चुना आणि टाकणखार लावून. हळद क्षारात लाल होते. सोडा जसजसा तेलात मुरतो तसा तो लाल उतरत जातो. महिन्यानं वड्या पिकल्या जर्दाळूच्या रंगाच्या झाल्या. वास गवती चहाचा ठेवला, किलो तेलाला २५ ग्रॅम. भाचीला मोगरा हवा होता. पण फुलांचे बरेचसे तयार सुवास सोड्यात पडले की मिश्रण क्षणात थिजतं, साच्यात ओतायला वेळ मिळत नाही. एका अर्ध्या घाण्यात तसंच झालं, ते चमच्यानं चेपून बसवावं लागलं. मोगऱ्याचा हट्ट तिनं सोडला.

वड्या बांबूच्या सुपात, जाळीच्या कपाटात, अंधाऱ्या खोलीत सहा आठवडे. आमच्या कोरड्या हवेत वडी पंधरा दिवसांत हाताला वाळलेली लागते. त्यावर जायचं नाही. पाणी उडालं म्हणजे साबण मुरला असं नव्हे, घाईनं दिलेली वडी न्हाणीत आठवड्यात लिबलिबीत होते. ६० ग्रॅमची वडी लग्नाच्या वेळी ५२-५३ ग्रॅम भरली.

उटण्यावर फार लिहीत नाही. मुलतानी माती ४ किलो, आंबेहळद, नागरमोथा आणि कपूरकाचरी एकेक किलो, गुलाबपाकळी आणि जालन्याकडच्या मोसंबीची वाळवलेली साल प्रत्येकी पाऊण किलो, वाळा अर्धा. सगळं दळून वस्त्रगाळ केलं आणि ३० ग्रॅमच्या ३०० पुड्या बांधल्या. दोनच गोष्टी जपल्या. स्वयंपाकातली हळद घातली नाही, कारण ती चेहऱ्यावर आणि टॉवेलवर राहते. आणि बेसन किंवा मसुराचं पीठ पुडीत घातलं नाही, ते ज्यानं त्यानं आंघोळीच्या वेळी मिसळायचं. पीठ घातलेली पुडी महिन्याभरात किडे धरते, आणि लग्नात मिळालेली वस्तू लोक महिन्यानंतरच उघडतात.

मेणबत्तीनं मात्र आम्हाला दमवलं. भाचीला सोयाचं मेण हवं होतं, काचेच्या ग्लासात ओततात ते. ते साधारण ५० अंशांच्या आतबाहेर वितळतं. पॅराफिन ५८ ते ६०, मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४. आकडे कागदावर ठीक दिसतात. एप्रिलच्या मध्यात तिन्हींच्या एकेक मेणबत्त्या पत्र्याच्या खोलीत आणि दादाच्या बंद जीपमध्ये ठेवल्या. खोलीत पारा ४७ वर गेला, जीपमध्ये ५८ वर. सोयाच्या मेणाला खोलीतच घाम फुटला, सुगंधी तेल वर येऊन तरंगलं. जीपमध्ये त्याचं पाणी झालं. पॅराफिनची कांडी धनुष्यासारखी वाकली. मधमाश्यांचं मेण उभं राहिलं, पण मऊ पडलं. जेवून दुपारी तीनला एसटीनं जिंतूरला निघालेल्या पाहुण्याच्या पिशवीत या तिघांतलं काहीच धड पोचलं नसतं, आणि त्याच पिशवीत त्याची टोपी आणि बायकोचं लुगडं.

मध्ये एक मार्ग सुचला होता: कुंभाराकडच्या पणत्यांत मेण ओतायचं. दिसायला फार सुरेख झालं. आईचाही विरोध मावळला, तिला लग्नात मेणबत्ती नको होती, दिवा हवा होता. पण बिनलेपाच्या मातीची पणती मेण पिते. रात्री खणाच्या तुकड्यावर ठेवलेल्या पणत्या सकाळी उचलल्या तर प्रत्येकीखाली रुपयाएवढा तेलकट गोल. ते सोसलं असतं. पेटवून पाहिल्यावर विषय संपला. अर्ध्या तासानं ज्योत वातीवरून पणतीच्या काठावर आली, कारण मेण प्यायलेली माती स्वतःच वात झाली होती. मी वर झाकण ठेवून विझवली. पेटलेल्या मेणावर पाणी कधीच टाकायचं नाही, भडका उडतो.

अखेर ठरलं ते असं. कार्यालयात मेणबत्ती कुणालाच नाही. मधमाश्यांच्या मेणाचे दिवे झाकणाच्या छोट्या स्टीलच्या डब्यांत ओतले, फक्त ४० केले, आणि ते लग्नानंतरच्या पाचपरतावनाच्या संध्याकाळी घरी आलेल्या जवळच्या माणसांना हातात दिले. डबीत मेण वितळलं तरी पुन्हा सपाट बसतं, आणि डबी मागं उरते, ती हळद-कुंकवाला होते. मेण वितळवताना पातेलं थेट गॅसवर नाही, उकळत्या पाण्यात डबा ठेवून. भाचीला ३०० मेणबत्त्यांचं वाईट वाटलं. मला वाटलं नाही.

वाटप हा भाग लोक शेवटी धरतात, आणि आमचं सगळ्यात मोठं बोलणं तिथंच झालं. पत्रिका गावाला होती, म्हणजे हजार-बाराशे माणूस जेवणार. साबण-उटण्याचे पुडे ३००. म्हणून घराला एक, असं ठरलं. आता ते द्यायचे कसे? वहिनीच्या मनात होतं की हळदी-कुंकवाच्या ताटातून, सवाष्णींना. मी नाही म्हटलं, आणि या एका गोष्टीवर मी मागं हटले नाही. आमच्या वऱ्हाडात नवरा गेलेल्या निदान वीस बायका येणार होत्या, त्यातल्या काही तिशीतल्या, कर्जापायी धनी गेलेल्या. आंघोळीचा साबण आणि उटणं यावर कुंकवाचा हक्क कसला? दादानं ऐकलं. त्यानं हेरवाडचं नाव काढलं, कोल्हापूर जिल्ह्यातलं. तिथल्या ग्रामसभेनं २०२२ च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, पुढं सरकारनंही परिपत्रक काढलं. "तिथं अख्ख्या गावाला जमलं, आपल्याला एक ताट जमंना का?" वहिनी गप्प झाली, मग म्हणाली, पंगतीतून उठताना हात धुवायच्या जागेपाशी ठेवू, जो येईल त्याच्या हातात. तसंच केलं. तिथं भाचीच्या दोन मैत्रिणी उभ्या होत्या.

बांधणीत एक बदल ऐनवेळी करावा लागला. एप्रिलमध्ये घरी नमुना म्हणून बटर पेपरात गुंडाळलेल्या चार वड्या ठेवल्या होत्या. चुलतभावाच्या चार वर्षांच्या पोरानं एक सोलून चावली. जर्दाळू रंगाची चौकोनी वडी, लग्नघर, बर्फीच वाटली त्याला. चूळ भरवली, पाणी पाजलं, त्याला काही झालं नाही, पण त्या रात्री मला झोप आली नाही. "साबण आहे, खाऊ नये" असं मोठ्या अक्षरांत छापलं, पण आमच्या कितीतरी आज्या वाचत नाहीत. म्हणून वडी उटण्याच्या पुडीबरोबर खणाच्या एकाच पट्टीत शिवून टाकली, वर सुतळीची गाठ, आणि गाठीत वाळ्याची काडी. मिठाईला असं कुणी शिवत नाही. पट्टीच्या आत चिठ्ठी: कोणकोणती तेलं, कोणती चूर्णं, केल्याचा महिना, आणि उटणं आधी कोपराच्या आत लावून बघा. प्लास्टिक कुठंच नाही. प्लास्टिकमध्ये साबणाला घाम सुटतो.

कच्च्या मालात वडी साधारण तेरा रुपयांना पडली, पुडी आणि बांधणी धरून पुडा चाळीसच्या आत. मजुरी धरलेली नाही. चौघींच्या पहाटे धरल्या तर हिशेब वेगळा होईल. लग्नानंतर तिघांनी विकत मागितला. घरच्या कार्यात फुकट देणं वेगळं आणि विकणं वेगळं. विकण्यासाठी बनवायला सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० प्रमाणे परवाना लागतो. त्यांना तसं सांगून टाकलं.

३०० पैकी २८३ पुडे गेले. दोन तक्रारी आल्या: एकीला गवती चहाच्या वासानं शिंका आल्या, आणि एका घरी वडी पाण्यात राहून विरघळली. घरच्या साबणात ग्लिसरीन राहतं, ते पाणी ओढतं, म्हणून त्याला जाळीची साबणदाणी लागते. हे चिठ्ठीत लिहायचं राहिलं, ती माझी चूक.

जूनमध्ये पाथरीच्या मावशीचा फोन आला, आईची धाकटी बहीण. नवरा जाऊन सहा वर्षं झालीत. म्हणाली, पुडा तसाच ठेवलाय, ट्रंकेत लुगड्यांत, उघडलं की छान वास येतो. मी घाबरलेच. दहा भाग का होईना, त्यात करडई आहे, आणि पत्र्याच्या घरातली ट्रंक म्हणजे भट्टी. म्हटलं, मावशी, तो काढ आणि वापर, नाहीतर लुगड्याला तेलाचे डाग पडतील. ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला काढीन म्हणत होते गं. किती वर्षांत उटणं लावलं नाही." मी मनात महिने मोजले, मार्च ते ऑक्टोबर. ट्रंकेतून काढून जाळीच्या फडताळात, वाऱ्याला ठेवलास तर टिकेल, असं सांगितलं. संध्याकाळी तिनं पुन्हा फोन करून कळवलं की ठेवला.